खालचा गुंता

तबास्कीला तीन रात्री उरलेल्या.
गच्चीवर मेंढा ओरडतोय, खाली माझ्या दुकानात
अकरा बुबू अर्धवट,
बाह्या एकीकडे, गळे दुसरीकडे.
कापड बाझाँ: घोटून घोटून चकाकी आणलेलं,
कागदासारखं करकरीत.
टाका उसवला तर भोक तसंच राहतं त्यात,
मिटत नाही.

तेवढ्यात मशीन थांबलं.
आधी टकटक नीट, मग एक जाड आवाज,
माशाचा काटा घशात अडकावा तसा.
चाक पुढे नाही, मागेही नाही.
कापड उपटून काढलं, तर खालून
निळ्या दोऱ्याची दाढी.

मग मी सगळे करतात तेच केलं.
घाण खाली दिसली म्हणून खालच्यालाच धरलं.
बॉबिनकेसचा तो तिळाएवढा स्क्रू
पाव फेरा आवळला. मग अर्धा.
सुई बदलली. वरची चकती चारवरून सातवर नेली.
पुन्हा दाढी.
मग सिरावर ओरडले.
बॉबिन तीच भरते, चौदा वर्षांची आहे,
खाली मान घालून ओरडणं ऐकायची तिला सवय आहे.

बिरान आला अकरा वाजता, पुलावरून सायकल ढकलत,
एका खिशात रंगाचा ब्रश, दुसऱ्यात चिमटा.
पहिला चहा पिऊन होईपर्यंत
मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही त्याने.
मग दातांखालची पट्टी काढली:
आत कापडाचा भुगा, वाळवंटाची लाल धूळ,
दोन्ही तेलात मळून झालेला काळा गोळा.
"सहारा शिवतेस का?" म्हणाला.

बॉबिनकेस दोऱ्याने उचलली.
कोळ्यासारखी लटकली ती. त्याने मनगटाला झटका दिला.
जागची हलली नाही.
"हिचा गळा कोणी आवळला?"
मी घड्या घालत राहिले.
त्याने स्क्रू सैल केला, श्वासाएवढा.
झटका. बोटभर उतरली, थांबली.
"पडू नये, अडू नये. बस."

मला वाटलं, झालं.
"दोरा कोण ओवतं?"
मी.
"ओव."
एकोणीस वर्षं ओवतेय, डोळे मिटून ओवेन:
रीळ, आकडा, चकत्या, वरखाली होणारा दांडा, सुई.
"पाय?"
मी माझ्या पायांकडे पाहिलं.
"तुझा नाही गं. मशीनचा."

तो खाली होता.
संध्याकाळी वीज गेली, दोरा तुटला,
फोनच्या उजेडात ओवताना शिवणीची जागा हरवू नये म्हणून
कापडावरचा पाय मी उचललाच नव्हता.

"पाय खाली असला," बिरान म्हणाला,
"की चकत्या दातखीळ बसल्यासारख्या मिटतात.
दोरा वरच्यावर निसटतो, आत शिरतच नाही.
ताण नाही, धाक नाही,
मग तो खाली जाऊन लोळतो.
आणि तू मारतेस खालच्याला."

दुसरा चहा गोड होता.
मी तो नीट प्यायले नाही.

"सिरा, तू ओव," मी म्हटलं.
ती आली, आणि रिळाला हात लावायच्याही आधी
मागचा दांडा वर केला. पाय उचलला गेला.
कोणी सांगितलं नव्हतं.
"तुला माहीत होतं?"
तिने दोऱ्याचं टोक ओठांत धरलं, ओलं केलं,
सुईत घातलं.
"तुम्ही बॉबिनचंच विचारत होता," म्हणाली.

चिंधीवर वीतभर शिवलं.
पालथी केली, सुलटी केली,
कुठली बाजू वरची ते कळेना.
गाठ दोन्ही दोऱ्यांच्या मध्ये,
कापडाच्या पोटात.

पहाटे चारला सहावा बुबू संपला.
राकीच्या खांद्याखाली मात्र सात भोकं राहिली,
माझ्या हाताची.
त्यांच्यावर मी सोनेरी वेल काढला.
तिला तो इतका आवडला की जास्तीचे पैसे देऊ लागली.
घेतले.
अर्धे सिराला दिले.
का, ते तिने विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.