डिक्कीतली वाळू

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार, डुलूथ.
सरोवरावरचा वारा थेट गल्लीत शिरतोय
आणि अर्विड हाल्व्होर्सन, वय एक्याऐंशी,
माझ्या टायरच्या खाचेत नाणं खुपसून बघतो.
नाण्यावरचं डोकं अख्खं दिसतंय.
"बदल," म्हणतो. एवढंच.

बॅटरीच्या टोकांवरची पांढरट बुरशी
खायच्या सोड्यानं घासली.
ढोकळ्यासाठी आणलेला डबा,
आता गॅरेजमध्येच राहील.
काचेसाठीचं निळं पाणी, उणे तीसला न गोठणारं.
फावडं. जम्पर केबल.
कॉफीच्या डब्यात मेणबत्ती, काडेपेटी.

"अडकलीस तर गाडी सोडायची नाही.
तासाला दहा मिनिटं इंजिन.
पण आधी?"
"सायलेन्सरवरचा बर्फ उकरायचा,"
मी म्हणते, तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखी.

मग वाळूच्या दोन गोण्या,
मागच्या चाकांच्या बरोबर वर.
"मागून हलकी असली की घसरते."

गेल्या हिवाळ्यापर्यंत मागे निहार असायचा,
त्याचा ट्रॉम्बोन,
हॉकीची ओली, कुबट बॅग,
आणि सकाळी सव्वासातचं आमचं भांडण.
तेव्हा वाळू कधी लागली नाही.

मी गोण्या जरा डावीकडे सरकवल्या,
तो बसायचा त्या बाजूला.
अर्विडनं पाहिलं,
कण्हत वाकला, पुन्हा मधोमध ओढल्या.
"वजन सारखं हवं."

हात पँटला पुसून गेला.
त्याच्या ट्रकमध्ये तीन गोण्या आहेत.
मी मोजल्या.
विचारलं नाही.