अकरा मिलिग्रॅम

कॉलम भरायला शेवंती वेळीपला सकाळचे सातच हवे असतात.
तेव्हा पठारावर वारा पडलेला असतो,
आणि बाप्तिस्ताने अजून पंखे लावलेले नसतात.

खोतीगांवहून तिच्या बापाने तिरफळं आणून दिली,
साडेचार किलो, बी काढलेली, सावलीत वाळवलेली.
कदंबच्या बसमध्ये कंडक्टरने वास घेतला, म्हणाला,
काय गो, युनिव्हर्सिटीत आज बांगड्याचं हुमण?

दाताखाली चुकून तिरफळ आलं
की जिभेला मुंग्या येतात,
त्या मुंग्यांची नावं मला शोधायची आहेत,
असं तिने संशोधनाच्या अर्जात लिहिलं होतं.
मी ते खोडून 'बधिरकारक घटकांचे विलगीकरण' केलं.
तिचं वाक्य चांगलं होतं.
बऱ्याच मुंग्यांची नावं जगाला आधीच ठाऊक आहेत.
एखादी उरली असेल, एवढ्यावरच आमचं चाललेलं.

सिलिकातून आधी हिरवा उतरतो, मग पिवळा,
मग काहीच न दिसणारं, खरं काम तिथे.
एकशे चाळीस परीक्षानळ्या.
काळ्या पेटीत डोळा घालून ती जांभळ्या उजेडात ठिपके मोजते,
आणि अकरा वाजता मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गात
फळ्यावर वाकडे बाण काढते:
बाण इलेक्ट्रॉन आहेत तिथून निघतो, पोरांनो.
शिरोड्याचा एक मुलगा दर वेळी उलटा काढतो.
हातात काही नसताना द्यायला निघणारा.

अकरा मिलिग्रॅम मिळालं. रंग नसलेलं तेल.
आमचं यंत्र आजारी, म्हणून कुपीला चंदेरी कागद गुंडाळून
कुरिअरने पुण्याला.
एकोणीस दिवस.

वर्णपटातल्या शिखराला आम्ही पीक म्हणतो.
शेवंतीच्या घरी पीक म्हणजे नाचणी, मिरची.
तिने कागद टेबलभर पसरला, कोपऱ्यांवर बीकर ठेवले
आणि तीन रात्री जागून काढलेली रचना दाखवली,
सहा कोनांचं कडं, त्याला कुठेच न वाचलेली शेपटी.
मॅडम, हें नवें?

सात पूर्णांक सात. सात पूर्णांक पाच.
एकमेकींकडे तोंड करून बसलेल्या जुळ्या.
पुढे चार पूर्णांक दोनवर तिसरी.
मी यांना ओळखते.
एकतीस वर्षांपूर्वी माझ्याही कुपीत याच होत्या,
समुद्रातल्या स्पंजातून काढलेल्या, असं मी समजत होते.
वहीत मी त्यांना आईचं नाव देऊन टाकलं होतं.
प्रोफेसर आन्सेल्म फुर्तादो हसले, तेव्हा अख्खा कॉरिडॉर हसला:
पोरी, हे तुझ्या नळीचं प्लास्टिक!

मी खिडकीबाहेर पाहिलं. झुआरीवर एक बार्ज,
निघालेलं की थांबलेलं, कळेना.
मग एवढंच विचारलं:
हेक्झेन कुठल्या कॅनमधून घेतलंस?

ती गप्प.
कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या.
निळ्या, ती म्हणाली.

मला वाटलं, उद्या येणार नाही.
उद्या साडेसहाला बाप्तिस्ताला उठवून तिने दार उघडून घेतलं होतं.
निळ्या कॅनमधलं दोन लिटर हेक्झेन,
त्यात तिरफळ नाही, काहीच नाही,
रोटाव्हॅपवर फिरत, आटत.
तळाला उरलं ते तिने तोललं. ठिपका टाकला.
तोच ठिकाणा, तीच उंची.
वहीत तारीख घालून लिहिलं: ११ मिग्रॅ = कॅन.
खाली रेघ मारली. रडून झालेलं असावं, अक्षर सरळ होतं.

बाबा आणखी दोन किलो पाठवतो म्हणाला, ती म्हणाली,
काचेच्या बाटल्या मात्र लागतील.
खिशात उरलेलं एक तिरफळ तिने दोन नखांनी फोडलं,
अर्धं स्वतःच्या दाताखाली, अर्धं माझ्या हातावर.

अकरा वाजता मी वर्गात उभी राहिले
आणि 'कार्बन' म्हणताना जीभ अडखळली.
मुलं हसली. मीही.
तोंडभर मुंग्या,
एकीचंही नाव नाही.