कोरडं करून ठेवणे

त्याच दिवशी यंत्र खोलीत न्यायचं होतं.
मुळजेंच्या पट्टीतला शेवटचा गहू कापून झाला होता
आणि मी बांधावर बसून रजिस्टरात तास मांडत होते: साडेतीन.
आमच्या अकराजणींचं हे एकच कापणीयंत्र,
टाकीवर गटाचं नाव, ‘उभारी’,
त्यातली दुसरी वेलांटी पेट्रोल सांडून सांडून पुसलेली.

देवणीच्या अंगानं आभाळ जांभळं झालं.
तापल्या पत्र्यावर कुणी हरभरे ओतावेत
तसा आवाज. आधी लांबून.
मग डोक्यावरच.

बारा मिनिटं. फार तर पंधरा.

थांबलं तेव्हा वावर ओळखू येईना.
कापलेल्या गव्हाच्या पेंढ्या पांढऱ्याखाली गेलेल्या,
बाभळीखाली तीन राघू पडलेले,
आणि यंत्र चाकाच्या आसापर्यंत गारांत रुतलेलं,
पात्यांच्या दातांत गारा, चेनीत गारा,
तण अडकतं त्या कोपऱ्यात काडी-चिखल-गारांचा एकच घट्ट गोळा.
सायलेन्सर अजून गरम होता.
त्यावरच्या गारा चुरचुरत होत्या, फोडणीसारख्या.

शेषाबाईनं खुरपं उचललं. “उकरू का गं?”
केवळानं शेजारच्या आखाड्यावरून
उकळत्या पाण्याची कळशीच आणली, पळत.
मी मस्तान मिस्त्रीला उदगीरला फोन लावला.
“पानी नक्को डालो बाई,” तो ओरडला,
“गरम तो बिल्कुलच नक्को.
गरम लोहा, ऊपर बरफ, उसपे फिर गरम पानी?
तडक जाता. ठोको भी नक्को.
बैठो. पिघलने देव.”

मग आम्ही बसलो.
यंत्र वितळायची वाट बघत बसायचं
हे काम रजिस्टरात कुठल्या रकान्यात येतं, माहीत नाही.
कळशीतल्या पाण्याचा केवळानं चहा केला.
लेकरांनी गारा खिशात भरल्या, मग रडली
खिसे नुसतेच ओले म्हणून.

ऊन आलं तसं यंत्र गळू लागलं,
इथून एक थेंब, तिथून दोन,
चेनीखालून काळी धार.
शिराईनं झाडलं, जुन्या धोतरानं पुसलं,
पाती एकेक, बोट जपून.
एअर फिल्टर काढून पिळला.
प्लग काढला, शेषाबाईनं तो चुलीजवळ ठेवला
भाकरीला लागते तेवढ्या उबेत, जास्त नाही.
टाकी बाटलीत रिकामी केली.
पण त्याआधी एकदा दोरी ओढली:
पहिल्यांदा खोकलं, दुसऱ्यांदा गप्प,
तिसऱ्यांदा सुरू, पांढरा धूर, पाच मिनिटं.
आतली ओल आतच राहू नये, म्हणून.
मग पात्यांना तेल.
ताडपत्री नको, मिस्त्री म्हणाला होता,
पोतं टाका. तिच्याखाली घाम येतो लोखंडाला.

शाळेच्या जुन्या खोलीत, फळ्याखाली,
दोन विटांवर उचलून ठेवलं.
कुलूप लावलं.

रात्री झंपर काढताना हात वर जाईना.
सासूनं चिमणीच्या उजेडात पाठ पाहिली
आणि मोजायलाच लागली: सहा, सात,
आगं बया, हे तर अंड्याएवढं.
तेव्हा आठवलं
पहिल्या गारेला मी पदर डोक्यावर घेतलाच नव्हता,
टाकीचं झाकण आणि फिल्टर झाकत
यंत्रावर पालथी पडले होते.

सासूनं काही विचारलं नाही.
आधी पुसलं. वाळू दिलं.
मग तेल.

सकाळी रजिस्टर उघडलं.
तारीख, वावर, तास, पेट्रोल, सही.
गारांना रकाना नाही.
समासात पेन्सिलनं लिहिलं, बारीक:
कोरडं करून ठेवले.
कर्त्याचं नाव सोडून दिलं,
कारण एकच लिहायला जागा होती
आणि त्या दिवशी आम्ही दोघी होतो,
एक विटांवर,
एक पालथी.