उत्पन्नाचा दाखला

खिडकी क्रमांक तीनच्या शिरधनकर बाई
तिसऱ्यांदा माझा अर्ज परत सरकवतात.
रकाना सात, वडिलांचं वार्षिक उत्पन्न.
रकाना आठ, वडिलांची सही.
मी म्हणतो, देत नाहीत.
काय, सही की पैसे?
दोन्ही.
वारले का?
नाही. आहेत. पूर्णगडला.
मग रिकामा कसा सोडायचा रकाना, त्या म्हणतात,
आणि चष्मा पुसतात, मला वेळ मिळावा म्हणून असेल.

शासनाच्या लेखी मी सुखवस्तू आहे.
सहा सिलिंडरच्या बोटीचा एकुलता एक मुलगा.
घरातून काढलेल्यांसाठी
तहसीलदाराकडे दाखला नाही,
मी विचारून आलो.

बंदीचे दिवस होते, बोट वर ओढलेली.
बाबा नाळेवर नाव रंगवत होते,
दरवर्षी स्वतःच रंगवतात, पेंटरला देत नाहीत.
माझ्या हातात लाल रंगाचा डबा.
डबा हातात असला की माणूस पळू शकत नाही
म्हणून तेव्हाच बोललो.
मला मुली आवडत नाहीत, बाबा. मुलगे आवडतात.
ब्रश थांबला.
मग त्यांनी तो रॉकेलमध्ये बुडवला, नीट पुसला,
एकेक केस सरळ केला.
म्हणाले, "आमच्या पैशाव आता शिकायचा नाय."
एवढंच. ओरडले असते तर
मला उलट ओरडता आलं असतं.

आई फोन उचलते. बोलत नाही.
मागे कुकरच्या शिट्ट्या होतात, तीन,
मग ठेवते.

रात्री आठ ते दोन मिरकरवाड्याच्या कंपनीत
कोळंबी सोलतो. पांढरी टोपी, गमबूट,
चाळीस बायका आणि मी.
किलोला अठरा रुपये.
दुसरा हप्ता अकरा हजार चारशे,
म्हणजे सहाशे तेहेतीस किलो
आणि वर एक मूठ.
बर्फाने बोटांची टोकं पांढरी पडतात,
सकाळी प्रॅक्टिकलला व्हर्नियरचा स्क्रू
धरलाय की नाही ते बघून ठरवावं लागतं.
वर्गात माझ्या शेजारचा बाक रिकामा असतो.
ते वासामुळे की दुसऱ्या कशामुळे
याची मी चौकशी करत नाही.

खैरून मावशीने पहिल्या आठवड्यात विचारलं,
कोन हाय तो?
कोण?
ज्याच्यापायी घर सुटला.
कुणी नाही मावशी. अजून कुणीच नाही.
तिने सुरी खाली ठेवली.
"मंग येवढा बोललास कशाला रं?
आधी कोन मिलू तरी द्यायचा!"
आणि सगळी रांग हसली, मीसुद्धा,
इतका की मुकादम आत डोकावला.
त्या रात्री तिने तिच्या टोपल्यातली दोन किलो
माझ्या काट्यावर टाकली.
मी नको म्हणालो नाही.

काल नवा माल आला. सोलट, ताजी, मोठी.
क्रेटला चिठ्ठी अडकवलेली असते,
कुठल्या बोटीची, किती वजन.
चिठ्ठीवर माझं नाव होतं.
श्री सुयोग, पूर्णगड.

मी डोकी मोडत राहिलो. पाठीतला काळा दोरा
ओढत राहिलो.
बाबांनी भल्या पहाटे ओढलेलं जाळं
माझ्या नखांखाली.
बत्तीस किलो. गुणिले अठरा.
रकाना सातमध्ये आता हे लिहावं का?
पाचशे शहात्तर रुपये,
वडिलांकडून, त्यांच्या नकळत.

दोन वाजता सुटलो तो जेटीवर गेलो.
बोट लागलेली, खलाशी झोपलेले,
बाबा कुठे दिसले नाहीत, मी शोधलंही नाही.
मोबाईलचा दिवा नाळेवर धरला.
"श्री सु" ताजं, लाल, त्यांच्या वळणाचं.
पुढचं "योग" गेल्या वर्षीचं, विटलेलं,
मिठाने पोपडे धरलेलं.
रंगवलेलं नाही.
खरवडलेलंही नाही.

दिवा बंद केला.
सकाळी साडेसातला लेक्चर आहे,
त्याआधी अंगाचा वास घालवायचाय,
आणि खिडकी क्रमांक तीन
दहाला उघडते.