हातचा एक

डुलुथमध्ये जानेवारीत साडेचारलाच दिवस मिटतो.
गुरुवारी आम्ही चर्चच्या तळघरात जमतो,
बॉयलरशेजारच्या खोलीत. टेबलाचा एक पाय आखूड,
त्याखाली स्तोत्रांचं जुनं पुस्तक सरकवलेलं.
पुठ्ठ्याच्या पडद्याआड मी.
राक्षस माझे, दारं माझी,
गुहेत वारा कुठून यायचा तेही मीच ठरवतो.
मंत्रांचा हिशेब तेवढा माझा नाही. तो नियमांच्या पुस्तकाचा.

केल्मसारख्या जादूगाराला दिवसाला चार मंत्र.
उच्चारला की गेला.
मग आठ तास झोप, तीही सलग,
की उजाडताना पुन्हा चार.
तौ वांगने पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
"तलवारवाल्याचा हात दुखत नाही,
मग माझ्याच मंत्रांना का मोजमाप?"
मी म्हटलं, पुस्तकात आहे.
चाळीस वर्षं बंदरावर लोखंडाची माती बोटींत भरली,
कुठल्या बोटीला किती, हे कुणीतरी लिहून ठेवलेलंच असायचं.
त्यामुळे मला तो प्रश्नच वाटला नव्हता.

केल्म हा अर्डिसचा जादूगार. म्हातारा, डाव्या कानाने बहिरा.
ती स्वतः शाळेची बस चालवते, पहाटे चारला उठते.
केल्मच्या नावाखाली कागदावर चार वर्तुळं:
मंत्र टाकला की पेन्सिलीने काळं,
खेळात सकाळ झाली की खोडरबर.
काळं. खोडरबर. काळं. खोडरबर.
सहा हिवाळे.
दोन वर्तुळं करडी झाली, तिसऱ्याच्या जागी भोकच पडलं,
आणि भोक म्हणजे वापरलेला मंत्र की शिल्लक
यावर मार्लोने एकदा आमचा अर्धा तास खाल्ला.

चौथं वर्तुळ मात्र कोरं.
सहा हिवाळ्यांत त्याला पेन्सिल लागली नव्हती.
"असू दे हातचा एक," ती म्हणायची.
बेरजेत असतो तसा.
फक्त बेरजेतला हातचा पुढच्या घरात मिळवावाच लागतो,
नाहीतर उत्तर चुकतं.

त्या गुरुवारी बर्फाचा पूल होता.
तौचा सरदार आधीच पलीकडे पोचलेला,
मार्लोची चोरटी दोराला लटकलेली, नियम सांगत.
मी फासा टाकला, पडद्याआड, आणि दोनदा बघितला.
पूल केल्मच्या पायाखाली तडकला.
"अर्डिस, काही बोलतेस?"
तिने कागद दिव्यासमोर धरला.
भोकातून उजेडाचा ठिपका तिच्या हनुवटीवर पडला.
"पुढच्या खोलीत काय आहे?"
ते मला सांगता येत नाही, मी म्हटलं.
बॉयलर धडधडला, थांबला.
"मग नको. राहू दे."

केल्म पडला. खाली खडक होते, मी मोजून ठेवलेले,
एकशे वीस फूट.
बराच वेळ कुणी बिस्किटांना हात लावला नाही.
मग तौने हळूच विचारलं, चौथा मंत्र कोणता होता?
तिने चष्मा पुसला.
"पिसासारखं अलगद खाली उतरायचं, तो."
मार्लोने तोंड उघडलं आणि मिटलं,
सहा वर्षांत पहिल्यांदाच.
"मला वाटलं," अर्डिस म्हणाली, "पुढे याहून खोल दरी असेल."

मी खूप जादूगार मारलेत या टेबलावर.
त्यांचे कागद एका बुटांच्या खोक्यात आहेत.
परवा रात्री काढून पाहिले.
जवळजवळ प्रत्येकावर एक वर्तुळ कोरं.

त्या रात्री गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना
तिने पुन्हा विचारलं, आता तरी सांग,
पुढच्या खोलीत काय होतं?
माझ्या वहीत पुढचं पान कोरं होतं.
मी तिथवर लिहिलंच नव्हतं.

"ड्रॅगन," मी म्हटलं. आणि थोडं थांबून, "दोन."

ती मान हलवत हसली,
"बघ, म्हटलं नव्हतं?"
आणि खरवडत राहिली.
पहाटे चारला तिला पुन्हा उठायचं होतं,
आठ तास तर केव्हाच हुकले होते.