काळजाचा कोपरा

कसाई गल्लीत सकाळी सातला
इक्बाल बेपाऱ्यानं बकऱ्याचं काळीज तोललं.
अर्धा किलो. आईला रक्त कमी आहे म्हटलं
तर एक तुकडा वर टाकला, बोलला काही नाही.

हिमोग्लोबिन सात.
कांदा-खोबरं भाजून नेहमीसारखं केलं
की ती ताट सारते. वास येतोय म्हणते.

म्हणून भरमूला फोन लावला,
तुर्कस्तानात, जिथं तो जहाजांना टाके घालतो.
त्याच्या घरमालकिणीनं, नेरिमानबाईनं,
कढई दाखवली, मग बोटांनी माप:
बोराएवढे तुकडे. वरचा पापुद्रा सोल.
पिठात घोळ, चाळणीत झाड, तेल कडकडीत,
एक मिनिट, फार तर दोन,
जास्त ठेवलंस तर खडा होतो.
भरमू मधे मधे मराठी करत होता.
मी रडत नव्हते, कांदा चिरत होते.

तिची आंबट लाल भुकटी बेळगावात कुठली!
खानापूरच्या आत्यानं दिलेली आमसुलं
तव्यावर शेकून खलबत्त्यात कुटली.
तिखट ब्याडगीचं. कोथिंबीर देठांसकट.
बटाटे अनगोळच्या शेतातले, चौकोनी, आधीच तळलेले.
कांदा मीठ लावून इतका चोळला
की त्यानं हट्ट सोडला.

"काय करूलैस गे?" आतून आई.
"काळीज."
"कुणाचं?"

चार वर्षं ती फोनवर येत नाही.
घंटी वाजली की तिला नेमकी
मागच्या दारची तुळस आठवते.

आज खाल्लं. पहिला घास संशयानं,
दुसरा आमसुलासाठी,
मग बटाटे बाजूला सारून नुसतंच.
"कुणी शिकवलं?"
मी पाण्याचा तांब्या भरायला उठले.

भरमू मघाशी म्हणाला होता:
तिकडं लेकाला लाडानं
काळजाचा कोपरा म्हणतात.
ताप आला तेव्हा नेरिमानबाई
त्यालाही म्हणाली, एकदाच, उशाशी बसून.

हे आईला सांगायचं नाही, असं मी ठरवलं.
तांब्या ठेवला, आणि सांगितलं.

तिचा घास गालातच थांबला.
बाहेर कोण तरी स्कूटरला किक मारत होतं,
सुरू होत नव्हती.

"तिचा कोपरा असंल,"
आई म्हणाली,
तळाचं पीठ बोटानं पुसून खाल्लं
आणि रिकामं ताट माझ्याकडं सरकवलं.
"मीठ कमी पडलंय.
सांग तिला."