केळीच्या चेंबरमध्ये टेनर

पंधरा लगीनसराया सूर थरथरवला,
वरातीला तसाच लागतो,
फेट्यासारखा फुगलेला.

तिथी संपल्या की सावद्याला
सलीमभाईच्या रायपनिंग चेंबरमध्ये उभा राहतो.
दार बंद. टेनर गळ्यात.
थर्माकोलच्या भिंती काही परत देत नाहीत;
फुंकला तेवढाच सूर,
उघडा, पितळेचा वास येणारा.

खालचा सा धरतो.
ओठ सैल. कंप नको.
अकरा, बारा...
इथं तो घोगरा होतो. होऊ देतो.

अब्बा पिंजताना म्हणायचे,
दस्ता तातीवर आपटू नको, युनूस,
टेकव आणि सोड.
कापूस आपला आपण सुटतो.
तेव्हा मला फक्त शिंका यायच्या.

बाहेर हमाल क्रेट उतरवतोय.
"कोनाचं लगन वाजवत व्हता?"
रीड पुसत राहतो.
हिरव्या घडांना अजून चार दिवस आहेत.